अंगठा जनतेचा, पासवर्ड कोणाचा?

यवतमाळ जिल्ह्याच्या आर्णी तालुक्यातले शेंदुरसनी हे जेमतेम दीड हजार वस्तीचे गाव. डिसेंबर २०२५ मध्ये ते एकाएकी राज्यभरच्या बातम्यांत आले. सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत, जन्म-मृत्यू नोंदणीच्या केंद्रीय पोर्टलवर या ग्रामपंचायतीच्या नावाने २७ हजारांहून जास्त जन्मांच्या नोंदी झाल्या होत्या. महाराष्ट्राचा जन्मदर हजारी पंधराच्या आसपास आहे. त्या हिशेबाने शेंदुरसनीत वर्षाकाठी वीस-पंचवीस पाळणे हलायला हवेत. कागदोपत्री रोजचे सरासरी तीनशे हलले. गुन्हा दाखल झाला, विशेष तपास पथक नेमले गेले, आरोप-प्रत्यारोप झाले. हे कोणी केले, कुठे बसून केले आणि कशासाठी केले, ते पोलीस शोधतील. त्यात मी पडत नाही. माझा प्रश्न साध्या संगणकवाल्याचा आहे. एकाच लॉगिनवरून दिवसाला तीनशे जन्म नोंदवले जात असताना त्या यंत्रणेने एकदाही ‘कोण बोलतंय?’ असे का विचारले नाही?

कारण याच जिल्ह्यात, याच काळात, रेशनच्या दुकानात उभ्या असलेल्या म्हातारीला सरकारचीच दुसरी यंत्रणा पाच-पाच वेळा विचारत होती. अंगठा द्या. पुन्हा द्या. दुसरे बोट द्या. बोट पुसून द्या. आपल्याकडे ओळख पटवण्याचा सगळा जोर काउंटरच्या एकाच बाजूला आहे. मागणाऱ्याने दर महिन्याला आपण आपणच असल्याचे सिद्ध करायचे. देणाऱ्याच्या खुर्चीवर नेमका कोण बसला आहे, याची चौकशी मात्र पासवर्ड टाकला की संपते. हे उलटे झाले पाहिजे, एवढेच मला सांगायचे आहे.

हे सांगायचा माझा अधिकार छोटासा आहे, पण जुना आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी यवतमाळात दत्त चौकाच्या आसपास कॉम्प्युटर शिकवणारे जे काही थोडे लोक होते, त्यांतला मी एक. देशात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, ते आधी महानगरांत. आमच्याकडे ते यायला वर्षे लागली. पण दोन कॉम्प्युटर टेलिफोनच्या तारेवरून जोडायला इंटरनेट लागत नाही. दोन्हीकडे मॉडेम आणि मध्ये चालू लाइन असली की पुरते. एका पतसंस्थेचे मुख्य कार्यालय यवतमाळला आणि शाखा दारव्हा, दिग्रस, नेरला. शाखांचा दिवसभराचा हिशेब फ्लॉपीत घालून एसटीने पाठवायची पद्धत होती. मॅनेजर म्हणाले, ‘सर, हे फोनवरून नाही का होत?’ होत होते. रात्री उशिरा एसटीडीचा दर उतरायचा, तेव्हा शाखेच्या कॉम्प्युटरने आपोआप यवतमाळचा नंबर लावायचा, नाव-पासवर्ड सांगायचा, फाइल टाकायची आणि लाइन सोडायची. हा प्रोग्राम मी व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिला.

विंडोजमध्ये त्यासाठी ‘रासडायल’ नावाचे एक फंक्शन होते. त्याला एक यादी भरून द्यावी लागे: कोणता नंबर लावायचा, उलटा फोन यायचा असेल तर कोणत्या नंबरावर, वापरणाऱ्याचे नाव, पासवर्ड. फंक्शनने शून्य परत केले की काम झाले. नाही झाले, तर एक आकडा यायचा. ६७६ म्हणजे लाइन व्यस्त. ६७८ म्हणजे पलीकडून उत्तर नाही. ६८० म्हणजे डायल टोनच नाही. दूरसंचारच्या लाइनमनला बोलवा. ६९१ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला. ६४६ म्हणजे माणूस बरोबर आहे, पण या वेळेला त्याला आत यायची परवानगी नाही. ६४९ म्हणजे माणूस बरोबर, पासवर्डही बरोबर, पण त्याला फोनवरून आत यायचा अधिकारच दिलेला नाही.

या आकड्यांची मराठी यादी टाइप करून मी प्रत्येक शाखेत कॉम्प्युटरशेजारी भिंतीला चिकटवली. कोणालाही इंग्रजी वाचायची गरज उरली नाही. दिग्रसचा कारकून सकाळी फोन करायचा, ‘सर, रात्री सहाशे ऐंशी आला.’ म्हणजे त्याचा दोष नाही, पासवर्डचा दोष नाही, पावसाने लाइन गेली. आपले काम कशामुळे अडले हे बारावी शिकलेल्या त्या पोराला एका आकड्यावरून कळत होते, आणि कोणाकडे जायचे तेही कळत होते.

त्या कामात मला तीन प्रश्न वेगवेगळे ठेवायची सवय लागली. तू कोण? तुला काय करायची मुभा आहे? आणि तू नेमके काय केलेस? ओळख, अधिकार आणि हिशेब. डायल-अपच्या जगात या तिन्हींसाठी मिळून ‘रेडियस’ नावाची पद्धत अमेरिकेतल्या लिव्हिंगस्टन नावाच्या कंपनीने १९९१ मध्ये काढली. फोनच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाची चौकशी एका मध्यवर्ती ठिकाणी व्हायची, त्याला काय मोकळे आहे ते तिथूनच ठरायचे आणि तो किती वाजता आला, किती वाजता गेला याची नोंद तिथेच पडायची. आज तुमच्या कॉलेजचे वायफायसुद्धा बहुतेक त्याच पद्धतीवर चालते.

ओळख कशी पटवायची यातही दोन रीती होत्या. जुन्या ‘पॅप’ रीतीत पासवर्ड जसाच्या तसा तारेवरून जायचा. मध्ये कोणी तार टोचली की त्याला तो मिळालाच. १९९६ साली प्रमाणित झालेल्या ‘चॅप’ रीतीत पलीकडचा कॉम्प्युटर दरवेळी एक नवा, मनाला येईल तो आकडा पाठवायचा. इकडच्या कॉम्प्युटरने तो आकडा आपल्या पासवर्डात कालवून त्याचे गणिती भुसकट परत पाठवायचे. पासवर्ड तारेवरून जातच नाही, आणि आजचे उत्तर उद्या चालत नाही. वर, बोलणे चालू असताना मधेच पुन्हा आकडा पाठवून ‘अजून तूच आहेस ना?’ असे विचारायचीही सोय होती.

मला सगळ्यात आवडायची ती कॉलबॅकची युक्ती. दिग्रसच्या शाखेने फोन लावला, नाव-पासवर्ड बरोबर निघाले, की यवतमाळचा कॉम्प्युटर काय करायचा? फोन ठेवून द्यायचा. आणि मग स्वतः दिग्रस शाखेच्या नोंदवलेल्या नंबरावर उलटा फोन लावायचा. समजा कोणी दिग्रसचा पासवर्ड चोरला आणि अमरावतीच्या एखाद्या लॉजमधून फोन लावला. फोन वाजायचा तो दिग्रसच्या कुलूपबंद शाखेत. फोन कोणी लावला यापेक्षा तो कुठे लागला याला महत्त्व. खर्च मुख्य कार्यालयाच्या बिलावर पडायचा म्हणून मॅनेजर कुरकुरले. मी त्यांना विचारले, ‘तिजोरीची किल्ली शाखेत ठेवता, मग पासवर्ड चोरीला जाणारच नाही असे धरून का चालता?’ त्यांनी मान्य केले. अध्यक्षांच्या सहीने ठराव झाला.

पुढे भारत संचार निगमचे ‘संचारनेट’ आले. १७२२३३ लावला की मॉडेम किरकिरायचा आणि आम्ही यवतमाळात बसून जग बघायचो. मग ब्रॉडबँड आले, मोबाइल आला, तो मॉडेम भंगारात गेला. जाऊ द्या. डायल-अपची आठवण काढून गहिवरायचे मला कारण नाही; ते संथ होते, महाग होते, पावसाळ्यात तर नकोसे होते. पण त्या संथ यंत्राला जी शिस्त होती ती आजच्या वेगवान यंत्रणेत गावपातळीवर दिसत नाही, ही तक्रार आहे.

आधी रेशन दुकान घ्या. ई-पॉस मशीन आली, अंगठा आला. त्याने बोगस कार्डांना चाप बसला, दुसऱ्याच्या नावाने उचल करणे अवघड झाले; हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कापूस वेचणीच्या दिवसांत यवतमाळच्या कोणत्याही दुकानासमोर उभे राहून बघा. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बायांची बोटे सोललेली असतात. म्हाताऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा आयुष्यभराच्या कामाने पुसून गेलेल्या असतात. झरी जामणी, मारेगावकडच्या काही कोलाम पोडांत तर रेंजसाठीच टेकाड चढावे लागते. दुकानदार म्हणतो, ‘मावशी, मशीन अंगठा घेऊन नाही राहिली.’ मावशी थैली घडी करते आणि घरी जाते.

मशीनने अंगठा का घेतला नाही? रेंज नव्हती की सर्व्हर बंद होता? की ठसा जुळला नाही? की तिचे आधार बायोमेट्रिक लॉक झालेले आहे? या चार कारणांना चार वेगळे उपाय आहेत. आणि आधारच्या यंत्रणेला कारण माहीत असते. ती दर नकाराला आकडा देते: ३०० म्हणजे बायोमेट्रिक जुळले नाही, ३३० म्हणजे धारकाने बायोमेट्रिक लॉक केले आहे, ४०० म्हणजे ओटीपी चुकला. माझ्या ६८० आणि ६९१ चेच हे भाऊबंद. फरक एवढाच की दिग्रसच्या कारकुनाच्या भिंतीवर यादी होती. मावशीच्या हातात काहीच नाही. ज्याला कारण कळत नाही तो दाद कशाची मागणार? आधार प्राधिकरणाने २४ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट म्हटले आहे की ठसा जुळला नाही किंवा नेटवर्क नाही म्हणून कोणाला धान्य नाकारू नये, पर्यायी सोय करावी आणि त्याची वेगळी नोंद ठेवावी. ते परिपत्रक मावशीला कोण दाखवणार? नकाराची छापील पावती नसेल तर नकार झालाच नाही, असे कागदाला वाटते.

आता दुसरे उदाहरण. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली तेव्हा बाईच्या स्वतःच्या आधारनंतर तिच्या नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारावरही ओटीपी मागितला गेला. ज्या जिल्ह्याचे नाव शेतकरी आत्महत्यांमुळे देशाला माहीत झाले, त्या जिल्ह्यातल्या विधवा बाईला मशीन विचारत होती: नवऱ्याच्या मोबाइलवर आलेला आकडा सांग. ओरड झाली, मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढली, ज्यांचे पती-वडील हयात नाहीत त्यांना मृत्यूचा दाखला वगैरे कागद देण्याची वाट काढून दिली. पण मुळात गफलत कुठे झाली? बाई कोण आहे हे तिच्या स्वतःच्या ओटीपीने सिद्ध झालेले होते. पुढचा प्रश्न घरच्या उत्पन्नाचा, म्हणजे अधिकाराचा होता. तो सरकारने आपल्या दफ्तरात तपासायचा. तो दुसऱ्या माणसाच्या ओळखीत बसवला आणि ओझे बाईच्या डोक्यावर दिले. ६४९ च्या जागी ६९१ दाखवला. माझ्या क्लासमधल्या पोराने असा प्रोग्राम लिहिला असता तर मी तो परत केला असता.

आणि ओटीपी म्हणजे तरी काय? सिम ज्याच्या हातात, तो माणूस खरा, असे धरून चालणे. आमच्याकडे सोयाबीन विकल्यावर रिचार्ज होतो. महिनोन्‌महिने रिचार्ज नाही झाला की नंबर बंद पडतो आणि काही काळाने तोच नंबर कंपनी दुसऱ्या कोणाला देते. आधारला जोडलेला नंबर मग भलत्याच माणसाच्या खिशात वाजतो. आता शेतकऱ्याला योजनांसाठी फार्मर आयडी लागतो. राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून तो सक्तीचा आहे. त्याच्याही दाराशी आधार आणि ओटीपी उभे आहेतच. हे सगळे दरवाजे एकाच नाजूक बिजागरीवर टांगलेले आहेत.

आता काउंटरच्या पलीकडे चला. ग्रामपंचायतीचे लॉगिन म्हणजे ग्रामपंचायतीचा शिक्का. पूर्वी शिक्का ग्रामसेवकाच्या कपाटात असायचा. तो घेऊन कोणी मुंबईला किंवा पाटण्याला गेला तर गावाला दिसले तरी असते. लॉगिन जाते ते दिसत नाही. एका अधिकाऱ्याकडे दोन-दोन गावे, त्यात सभा, सर्वेक्षणे, पंचनामे, निवडणूक. मग पासवर्ड संगणक परिचालकाच्या वहीत लिहिला जातो. डिजिटल सहीचा डोंगल टेबलाच्या खणात राहतो. ओटीपी आला की साहेब फोनवरून सांगतात, ‘हं, लिही.’ यात बहुतेक ठिकाणी कोणाचीही नियत वाईट नसते. दाखला आजच हवा असलेल्या माणसाचे काम व्हावे म्हणूनच हे चालते. उद्या अचानक कडक नियम लावले तर पहिला फटका त्या दाखल्यावाल्यालाच बसेल, हेही खरे.

पण वाटून खाल्लेल्या लॉगिनची किंमत काय असते, हे देशाने आधीच पाहिले आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये उत्तर प्रदेश पोलिसांच्या विशेष कृती दलाने कानपूरची एक टोळी पकडली. आधार नोंदणीच्या अधिकृत ऑपरेटरांच्या बोटांचे नकली ठसे बनवून ती इतरांना देत होती. त्या ठशांवर भलतेच लोक नोंदणीच्या यंत्रणेत शिरत होते. म्हणजे ऑपरेटरला अंगठा लावला तरी काम भागत नाही. खुर्चीवरचा माणूस तपासायचा, तर त्याने काय केले हेही तपासावे लागते. शेंदुरसनीच्या बाबतीत लॉगिन कसे फुटले ते न्यायालयात ठरेल. पण पासवर्ड फुटला असे गृहीत धरूनही दुसऱ्याच दिवशी धोक्याची घंटा वाजायला हवी होती. दीड हजार वस्तीच्या गावात एका दिवसात पाच जन्म नोंदले तरी तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात कोणाच्या तरी मोबाइलवर संदेश जावा, ही अट प्रोग्राममध्ये घालायला मला एक दुपार पुरेल. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर जन्माचा दाखला शाळा, परवाना, मतदार यादी, पासपोर्ट या सगळ्यांचा मूळ पुरावा झाला आहे. एवढ्या किमती कागदाच्या छापखान्याला मोजणीच नसावी?

मागण्या चारच आहेत, आणि त्यांतली एकही नवा शोध मागत नाही.

पहिली: नकाराची मराठी पावती. ई-पॉस असो, सेवा केंद्र असो, मशीनने नकार दिला की तारीख, वेळ, कारण आणि पुढे कोणाकडे जायचे हे छापलेला चिटोरा माणसाच्या हातात पडला पाहिजे. आकडा यंत्रणेकडे तयार आहे; फक्त छापायचा आहे.

दुसरी: लॉगिन पदाचे नको, माणसाचे हवे. परिचालक काम करतो ना, मग त्याला त्याच्या नावाचे लॉगिन द्या आणि मर्यादित अधिकार द्या. त्याने अर्ज भरावा, मंजुरी अधिकाऱ्याने द्यावी. पासवर्ड वाटून घ्यायची गरजच उरणार नाही, आणि चूक झाली तर गरीब परिचालकाच्या गळ्यात साहेबाची चूकही अडकणार नाही.

तिसरी: कॉलबॅक. ग्रामपंचायतीचे लॉगिन अनोळखी मशीनवर उघडले किंवा नोंदी नेहमीपेक्षा वाढल्या की यंत्रणेने थांबावे आणि नोंदवलेल्या कार्यालयाकडून उलट खात्री करून घ्यावी. दिग्रसच्या शाखेत पंचवीस वर्षांपूर्वी साध्या मॉडेमवर जे चालत होते, ते आज फायबरवर चालायला काय हरकत आहे?

चौथी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: हिशेब उघडा ठेवा. आधार प्राधिकरण तुम्हाला तुमच्या आधारचा वापर कधी आणि कोणत्या पद्धतीने झाला, हे आपल्या संकेतस्थळावर मागच्या सहा महिन्यांपर्यंत दाखवते. नागरिकाच्या अंगठ्याचा हिशेब जर दाखवता येतो, तर ग्रामपंचायतीच्या लॉगिनचा का नाही? या महिन्यात किती जन्म नोंदले, किती मृत्यू, किती दाखले, किती दिवशी लॉगिन उघडले, एवढे चार आकडे दर महिन्याला फलकावर लावा. कोणाचेही नाव त्यात नको, गोपनीय काही नको. माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम २००५ पासून हेच सांगते: न मागता जाहीर करा. तीन महिन्यांत २७ हजार जन्म हा आकडा शेंदुरसनीच्या फलकावर पहिल्या महिन्यात लागला असता, तर तो ओळखायला विशेष तपास पथक लागले नसते. पारावरच्या कोणत्याही म्हाताऱ्याने विचारले असते, ‘बाबू, एवढी पोट्टी कोणाच्या घरी झाली?’

सरकार हे आपणहून करील याची वाट बघू नका. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला आपल्या गावात ग्रामसभा होते. पुढच्या सभेत उठा आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना नमस्कार करून एक प्रश्न विचारा: आपल्या गावाच्या लॉगिनवरून मागच्या तीन महिन्यांत किती जन्म नोंदले गेले, आणि ते लॉगिन वापरते कोण? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. उत्तर मिळाले नाही, तर ‘उत्तर मिळाले नाही’ हेही लिहून घ्या.